न्यू जर्सीच्या कोर्टातली मराठी दुभाषी सेवा: एका आईचा अनुभव

लेकीला विचारून आणि तिला वाचायला देऊनच हे लिहिते आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ज्यांची लेक, सून किंवा बहीण आहे त्यांना कधी गरज पडलीच, तर माहीत असावं. ही दुभाषी सेवा कोर्टाचीच. पैसे लागत नाहीत. खटल्यातल्या माणसांना मिळते, साक्षीदारालाही मिळते, आणि मराठीतून मिळते. हे शेवटचं मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मी साताऱ्याची. 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. इंग्रजी वाचता येतं, पण समोरचा भराभर बोलायला लागला की निम्मं सुटतं. उन्हाळ्यात लेकीकडे राहायला गेले होते. एका रात्री जेवणं झाल्यावर जावयांनी तिच्या हातातला फोन हिसकावला, मनगट पिरगाळलं आणि अंगावर धावून जाऊन हात उगारला. मी ओट्याशी होते, धावत मध्ये पडले. तो हात तिच्यावर पडला नाही. मनगटावर मात्र लाल वळ उठला होता.

लेकीने 911 ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला. दिसण्यासारखी इजा असेल तर तिथल्या कायद्याने पोलिसांना अटक करावीच लागते. जावयांना घेऊन गेले. मग मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं? शेजारच्या बाई मध्ये बोलायला आल्या. त्यांना हिंदी येत होतं, माझं हिंदी मोडकं. मी म्हणाले, "उन्होंने हाथ उठाया." हिंदीत 'हाथ उठाया' म्हटलं की ऐकणारा मारलं असंच समजतो. मराठीत उगारलेला हात आणि मारलेला हात यांत अंतर आहे, आणि मला तेच अंतर सांगायचं होतं. पोलिसांच्या कागदावर आलं, आईने मारताना पाहिलं. त्या एका वाक्याने पुढचे तीन आठवडे माझी झोप नेली.

सेवेबद्दल सांगण्याआधी प्रकरण कसं चालतं ते थोडं सांगते, कारण साताऱ्याहून फोन करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात इथलं 'चारशे अठ्ठ्याण्णव' होतं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं सासरच्या छळाचं कलम 498-अ. तिथे ते नाही. घरगुती बाबतीत तिथे प्रत्येक राज्याचा आपला कायदा. न्यू जर्सीचा घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा 1991 चा आहे. एका प्रसंगातून दोन वेगळी प्रकरणं उभी राहतात. एक रिस्ट्रेनिंग ऑर्डरचं, म्हणजे त्या माणसाने दूर राहावं, संपर्क करू नये अशा कोर्टाच्या हुकमाचं; ते दिवाणी, कुटुंब विभागात चालतं. लेकीने अर्ज केला आणि जजना पटलं की ते आधी तात्पुरती ऑर्डर देतात आणि दहा दिवसांच्या आत अंतिम सुनावणी ठेवतात. दुसरं मारहाणीचं फौजदारी. त्यात फिर्यादी सरकार असतं, लेक साक्षीदार. म्हणून आमचे भाऊजी रोज फोनवर "तक्रार मागे घ्यायला सांग तिला" म्हणायचे, त्याला काही अर्थ नव्हता. ते मागे घेणं न घेणं सरकारी वकिलाच्या हातात. पुराव्याचं मापही वेगळं. ऑर्डरसाठी हे घडलं असण्याचा संभव जास्त आहे एवढं पटवावं लागतं, फौजदारीत मात्र रास्त शंकेला जागा उरता कामा नये. एकीकडे ऑर्डर मिळाली आणि दुसरीकडे माणूस निर्दोष सुटला, असं होऊ शकतं. मला हे समजायला आठ दिवस लागले.

पहिल्या तारखेला माझी साक्ष झालीच नाही. आमच्या वकिलांच्या ऑफिसातून कळवताना माझी भाषा 'हिंदी' लिहिली गेली होती. समोर हिंदी दुभाषी. गृहस्थ सभ्य होते, पण मी ठरवून गेले होते की त्या रात्रीसारखं पुन्हा होऊ द्यायचं नाही. जजनी विचारलं, यांचं बोलणं तुम्हाला नीट समजतं का? मी सांगितलं, समजतं, पण माझी भाषा मराठी आहे आणि मला शपथेवर मराठीतच बोलायचं आहे. हट्ट वाटेल कुणाला. पण मी साक्षीत सांगणार होते की जावई लेकीच्या इंग्रजीची चारचौघांत चेष्टा करायचे. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आम्ही शिक्षा म्हणतो दंडाला, ते म्हणतात शिक्षणाला. अशा किती ठिकाणी घसरलं असतं! तारीख पुढे गेली. तोवर तात्पुरती ऑर्डर चालूच राहिली, म्हणून मला वाट बघायची भीती वाटली नाही.

दुसऱ्या तारखेला मराठी दुभाषी बाई पडद्यावर होत्या, व्हिडिओवरून. लेकीची साक्ष होईपर्यंत मला बाहेर बसवलं होतं, तसा नियम आहे. आत गेल्यावर आधी त्यांची शपथ झाली, मग माझी. त्यांनी समजावलं की जे बोलाल ते सगळं मी इंग्रजीत सांगणार, गाळणार नाही, भर घालणार नाही, सल्ला देणार नाही. आणि थोडं थोडं बोलून थांबा. मी "मी घाबरले" म्हटलं की त्या "ती घाबरली" असं न म्हणता "मी घाबरले" असंच इंग्रजीत म्हणत. परक्या बाईच्या तोंडून आपलं 'मी' ऐकताना पहिली दोन मिनिटं अंगावर काटा आला. नंतर मी विसरूनच गेले.

एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. मी जावयांना अजून अहो-जाहोच करते, तोंडातून दुसरं येत नाही. "त्यांनी हात उगारला, ते म्हणाले," असं माझं चाललं होतं. बाईंनी जजना सांगितलं, "दुभाषी स्पष्टीकरण मागू इच्छिते," स्वतःचा उल्लेख अशा वेळी त्या असाच करतात. मग मला विचारलं, 'त्यांनी' म्हणजे एक माणूस की अनेक? मी म्हटलं, एकच, माझे जावई. ऐकणाऱ्याला वाटलं असतं खोलीत आणखी कुणी होतं.

मग उलटतपासणी. जावयांच्या वकिलांनी पोलिसांचा कागद काढला. त्या रात्री मारलं म्हणालात, आज उगारला म्हणताय, खरं काय? मी शाळेत सांगितलं असतं तसं सांगितलं. उगारणे म्हणजे मारण्यासाठी हात वर नेणे. मारणे त्याच्या पुढचं. त्यांनी मनगट पिरगाळलं, हात उगारला, मारलं नाही. त्या रात्री मला हिंदीत नीट सांगता आलं नाही. बाईंनी शब्दाला शब्द लावून ते इंग्रजीत ठेवलं. जजनी मान हलवून लिहून घेतलं. नंतर आमच्या वकीलबाईंनी दाखवलं की छळाच्या कलमात, त्रास देण्याच्या हेतूने मारणं आहे, ढकलणं आहे आणि तसं करण्याची धमकीही आहे. खरं होतं तेवढं पुरेसं होतं. आणि माझ्या जावयावर न केलेल्या गोष्टीचा ठपका माझ्या तोंडून आला नाही, याचंही मला समाधान आहे. ती सेवा त्यांच्याही उपयोगी पडली.

लेकीला अंतिम ऑर्डर मिळाली. तिथे ही ऑर्डर आपोआप संपत नाही, कोर्टाने उठवेपर्यंत राहते. मोडली तर तो नवा गुन्हा. तिच्या ऑर्डरमध्ये दुसऱ्याकरवी निरोप पाठवणंही बंद आहे, म्हणून जावयांच्या बहिणीला मी हात जोडून सांगितलं की फोन करू नका, त्यात तुमच्या भावाचंच नुकसान आहे.

वापरणाऱ्यांनी एवढं करावं. अर्ज करतानाच भाषा 'मराठी' लिहिली आहे ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा. 'इंडियन' किंवा 'हिंदी' लिहू देऊ नका. तारखेच्या आधी फोन करून पुन्हा खात्री करा. घरच्या कुणाला, विशेषतः मुलांना, मध्ये बोलायला लावू नका. माझ्या नातीने त्या रात्री "मी सांगते आजी" म्हटलं होतं, तिला मी आत पाठवलं. दुभाषीकडे सल्ला मागू नका, तो वकिलाकडे. आणि शब्द समजला नाही तर समजला नाही म्हणा, जज रागावत नाहीत.

फौजदारी प्रकरण अजून चालू आहे, घटस्फोटाचा अर्ज वेगळा करायचा आहे. मला पुन्हा साक्षीला बोलावलं तर जायचं ठरवलं आहे. लेकीने वकिलांना कालच लिहून पाठवलं: आईची भाषा मराठी.