ऑक्टोबरफेस्टमध्ये दोघांसाठी 'खात्रीची जागा': पैसे कसे बुडतात

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअर उत्सवासाठी 'दोन जागा, संध्याकाळची वेळ, खात्रीशीर' अशी जाहिरात दिसली तर ती तिथल्या तिथे बंद करा. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी जर्मनी बघायला निघतात तेव्हा त्यांना नेमकी हीच जाहिरात गाठते, कारण अधिकृत आरक्षणात दोघांची सोय जवळपास नसतेच. लोक बसून बिअर पितात त्या बहुतेक मोठ्या मांडवांत आरक्षण होतं ते अख्ख्या टेबलाचं, म्हणजे आठ-दहा माणसांचं. तेही मांडव चालवणाऱ्याकडेच थेट करायचं असतं. ते वर्षाच्या सुरुवातीला सुरू होतं, आणि आपल्याकडची मंडळी रजा, विमान आणि व्हिसा जुळवून जुलै-ऑगस्टमध्ये शोधायला बसतात तोवर चांगल्या संध्याकाळी संपलेल्या असतात. फसवणाऱ्यांचा सगळा धंदा याच फटीवर चालतो.

आधी खरा हिशोब समजून घ्या. थेरेझियनवीझ या मैदानात शिरायला तिकीट लागत नाही, मांडवात शिरायलाही नाही. 'ओइडे वीझन' हा जुन्या धाटणीचा भाग ज्या वर्षी भरतो तेव्हा तिथे तेवढी काही युरोंची प्रवेश फी असते. टेबल राखून ठेवलं तरी जागेचं असं भाडं नसतं. माणशी साधारण दोन मास, म्हणजे एकेक लिटरचे दोन मग बिअर, आणि अर्धी भाजलेली कोंबडी एवढ्याची कुपनं आधी विकत घ्यावी लागतात. 2025 मध्ये एका मासचा भाव मांडवाप्रमाणे 14.50 ते 15.80 युरो होता. म्हणजे माणशी पन्नास युरोंच्या आसपास, आणि ते सगळे खाण्यापिण्यात वसूल. याच जागेचे कुणी माणशी दोनशे-अडीचशे युरो मागत असेल, तर वरचे पैसे कशाचे हे त्यालाच विचारा.

प्रकार बहुतेक वेळा एकाच चालीने जातो. संकेतस्थळ देखणं असतं, मांडवाचं नाव आणि चिन्ह ठळक असतं, 'फक्त तीन जागा शिल्लक' असं लिहून खाली घड्याळ उलटं पळत असतं. कार्डाने पैसे घेतले तर ओटीपीसुद्धा येत नाही. परदेशी व्यापाऱ्याकडे भारतीय कार्ड अनेकदा ओटीपीशिवायच चालतं, त्यामुळे 'ओटीपी आला नाही म्हणजे पैसे गेले नसतील' या समजुतीत राहू नका. काही जण कार्ड नको म्हणतात आणि बँकेत पैसे पाठवायला सांगतात. तेव्हा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, नीट बघा. जर्मन खात्याचा क्रमांक डीई या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण 22 अक्षर-अंकांचा असतो. म्युनिकच्या मांडवाचं नाव सांगून दुसऱ्याच देशातलं खातं दिलं जात असेल तर तिथेच थांबा. अशा खात्यात पाठवलेले पैसे परत मिळणं फार अवघड.

पैसे गेल्यावर मेलवर एक पीडीएफ येते. तीत मांडवाचं नाव, टेबल क्रमांक, वेळ, क्यूआर कोड असं सगळं असतं. ही पीडीएफ मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती हातात आली की माणूस निर्धास्त होतो आणि दीड महिना काही तपासत नाही. उघडं पडतं ते थेट मांडवाच्या दारात, संध्याकाळी पाच-सहा वाजता, मागे गर्दी लोटत असताना. दारावरचा सुरक्षारक्षक आरक्षण कुणाच्या नावावर आहे ते विचारतो, काही मांडवांत मनगटावरचा पट्टा मागतो. पट्टा नसतो, आणि टेबल खरंच अस्तित्वात असलं तरी ते तिसऱ्याच कंपनीच्या नावावर असतं. नफ्यासाठी केलेली फेरविक्री मांडवांच्या अटींत बसत नाही, त्यामुळे खरं टेबल महाग विकलेलं असलं तरी ते तुम्हाला नाकारलं जाऊ शकतं. विक्रेत्याचा फोन लागत नाही, किंवा 'पुढच्या वर्षीचं कूपन देतो' असा मेल येतो.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघायला दहा मिनिटं पुरतात. जर्मनीत व्यावसायिक संकेतस्थळावर 'इम्प्रेसुम' नावाचं पान असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात मालकाचं किंवा कंपनीचं नाव, टपालाचा पत्ता आणि कंपनी नोंदलेली असेल तर नोंदणी क्रमांक असतो. हे पान नसेल, किंवा पत्ता भलत्याच देशातला असेल, तर पुढे जाऊ नका. दुसरं म्हणजे ऑक्टोबरफेस्ट डॉट डीई या अधिकृत संकेतस्थळावर मांडवांची यादी आहे. तिथून मांडवाच्या स्वतःच्या पानावर जा आणि तिथल्या पत्त्यावर सरळ विचारा, की या विक्रेत्याने दिलेलं टेबल चालेल का.

खरं सांगायचं तर दोघांना आरक्षणाची गरजच नाही. शहराच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मोठ्या मांडवातला ठरावीक भाग आरक्षणाविना मोकळा ठेवावा लागतो. सोमवार ते गुरुवार निवडा आणि सकाळी अकरा-बाराच्या सुमारास आत जा. मधल्या भागातल्या लांब बाकांवर, ज्या टेबलांवर आरक्षणाची चिठ्ठी नाही तिथे, बसलेल्यांना विचारून दोन माणसं सहज सामावतात. दहा जणांचा घोळका उभा राहतो, दोघांना जागा होते. चिठ्ठी असेल तर तिच्यावरची वेळ वाचा. चारची वेळ असेल तर तोपर्यंत बसता येतं. बसल्याशिवाय बिअर मिळत नाही, म्हणून आधी जागा आणि मग बाकी सगळं. पाठीवरची सॅक खोलीवर ठेवा, तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी मैदानात नेऊ देत नाहीत. रोख युरो जवळ हवेत. कोंबडी न खाणाऱ्यांसाठी केझश्पेट्झल म्हणजे चीजमधले शेवेसारखे तुकडे आणि हाताएवढा ब्रेत्झेल म्हणजे पीळ दिलेला खारट पाव मिळतो. बावरियन बँड, थोड्या थोड्या वेळाने सगळ्या मांडवाने उभं राहून गायचं गाणं, शेजारच्या अनोळखी माणसांशी मग आपटणं हे सगळं त्या मोकळ्या बाकावरही तेवढंच मिळतं. त्यासाठी कुणा दलालाला पैसे द्यायचं कारण नाही.

याच सहलीत आणखी दोन ठिकाणी खिसा कापला जातो. नॉयश्वानस्टाइन किल्ल्याची 'संपूर्ण दिवसाची सहल' घेताना आतल्या प्रवेशाचं तिकीट त्यात धरलंय का ते वाचा. पुष्कळ सहली फक्त बसने नेऊन आणतात. आत जायला ठरल्या वेळेचीच मार्गदर्शित फेरी लागते आणि त्या दिवशीची तिकिटं संपलेली असू शकतात. ते तिकीट होहेनश्वानगाऊच्या तिकीट केंद्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आधीच घ्या. दुसरं, म्युनिकच्या मुख्य स्टेशनवर कुणी 'आमचं बायर्न तिकीट उरलंय, अर्ध्यात घ्या' म्हणालं तर नको म्हणा. बावरिया राज्यात दिवसभर चालणाऱ्या या रेल्वे तिकिटावर प्रवाशांची नावं असतात आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. तपासनीस आला की माणशी 60 युरो दंड, आणि विकणारा केव्हाच पसार.

बर्लिनला गेलात आणि फुटपाथवर तीन काडेपेट्यांखालची गोळी ओळखायचा खेळ मांडलेला दिसला, तर बघायलाही थांबू नका. भोवती जिंकणारी माणसं त्याच टोळीतली असतात, आणि घोळक्यात खिसाही मारला जातो.

पैसे गेलेच, तर पहिल्या तासात बँकेच्या ॲपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा. अशा विक्रेत्याकडून काही दिवसांनी दुसरी रक्कमही कापली जाऊ शकते. तुम्ही न केलेला असा व्यवहार दिसला तर बँकेला लगेच लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांत त्रयस्थ माणसामुळे झालेल्या अनधिकृत व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर भुर्दंड येत नाही. पण जागेसाठी स्वतः भरलेले पैसे या नियमात बसत नाहीत. त्यासाठी 'सेवा मिळाली नाही' या कारणाने चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागावा लागतो आणि त्याला मुदत असते, म्हणून परत येईपर्यंत थांबू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पीडीएफ, सगळे मेल आणि मांडवाने आरक्षण नाकारल्याचा त्यांचा मेल जोडा. हा शेवटचा कागद मिळवायला मांडवाच्या कार्यालयाला त्याच दिवशी लिहा, उत्सव संपल्यावर उत्तर यायला वेळ लागतो. तक्रार म्युनिकच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात किंवा बावरिया पोलिसांच्या ऑनलाइन ठाण्यावर करता येते. तिथे मिळालेला नोंद क्रमांक बँकेच्या अर्जात लिहा, आणि भारतातून 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतानाही तो हाताशी ठेवा.