बोरेट पावडर आणि कांड्या: जुन्या लाकडी इमारतींसाठी कितपत कामाच्या?

जुन्या इमारतीतली तुळई मधोमध सहसा कुजत नाही. कुजतं ते तिचं भिंतीत गेलेलं टोक आणि तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकलेलं खांबाचं बूड. बोरेट म्हणजे लाकडाला बुरशी आणि किडीपासून वाचवणारं बोरॉनचं क्षार; त्याची पावडर पाण्यात कालवून ब्रशनं लावतात, तर कांड्या लाकडात भोक पाडून आत बसवतात. पण कुजणाऱ्या जागी नेमका ब्रश पोहोचत नाही. म्हणून बोरेटच्या पावडरीपेक्षा त्याच्या कांड्या जास्त मोलाच्या.

पावडर म्हणजे डायसोडियम ऑक्टाबोरेट. १ किलोला ९ लिटर पाणी. गार पाण्यात ती पूर्ण विरघळत नाही, तळाशी साका राहतो. पाणी चांगलं गरम हवं. आधी रंग, व्हार्निश, मेण खरवडून काढा, नाहीतर द्रावण वरूनच ओघळून जाईल. पहिला हात ओला असतानाच दुसरा द्या. वाळल्यावर पांढरी पूड वर आली, तर कोमट ओल्या फडक्यानं पुसावी. रसकाष्ठ (खोडाचा बाहेरचा, फिकट भाग) द्रावण छान शोषतं. सागाच्या गाभ्यात मात्र ते जेमतेम शिरतं.

कांडी ८ मिलिमीटरची असेल, तर भोक ९-१० चं पाडा. ते वरून तिरकं, टोकाच्या दिशेनं, भेगांपासून लांब असावं. तोंड लाकडी खुंटीनं बंद करा, म्हणजे पुढे उघडून कांडी किती उरली ते बघता येतं. हीच या उत्पादनाची सर्वांत चांगली बाजू: कोरड्या लाकडात कांडी तशीच पडून राहते आणि ओल शिरली की विरघळून त्या ओलीबरोबर पसरते. तुळई आधीच बारीक असेल, तर भोकं पाडण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायलाच हवं.

पण बोरेट पाण्यात विरघळतं तसंच पाण्याबरोबर निघूनही जातं. पावसाचा मार लागणाऱ्या लाकडावर वरून रंग किंवा तेल नसेल, तर मेहनत वाया. वाळवीसुद्धा उपचार केलेल्या खांबावरून मातीची नळी बांधत वरच्या कोऱ्या लाकडापर्यंत जाते. त्यासाठी जमिनीतला बंदोबस्त वेगळा करावा लागतो. कुजून भुसभुशीत झालेल्या लाकडात यानं ताकद परत येत नाही. तिथे चांगल्या लाकडापर्यंत कापून नवा तुकडा सांधणं आलंच.

आधी गळकी पन्हळ दुरुस्त करा आणि भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढा. सिमेंटमुळे भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, ती तुळईच्या टोकात मुरते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी वाढतच नाही.

हातमोजे आणि मास्क वापरा, गरोदर स्त्रियांनी लांब राहावं, उरलेलं द्रावण झाडांना घालू नये.