फुकटच्या अपग्रेडचे साडेसहा हजार

पिक्सइनसाइट हे आकाशाच्या फोटोंवर प्रक्रिया करायचं सॉफ्टवेअर ज्यांनी पैसे मोजून रीतसर घेतलंय, त्यांनी हे जरूर वाचावं. क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, वापरणारे कधी ना कधी गोत्यात येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे गंडा घातला जातोय तो पावती जपून ठेवणाऱ्यांना.

२०२४ च्या डिसेंबरात १.९ आवृत्ती आली. त्यानंतरच्या अमावास्येला वेल्ह्याच्या बाजूला जाऊन रोझेट तेजोमेघाचा चांगला डेटा मिळाला होता. घरी येऊन नवी आवृत्ती टाकली, तर फोटोतला धूसरपणा घालवणारा ब्लरएक्सटर्मिनेटर हा प्लगइन मेनूतूनच गायब! रिपॉझिटरीतून, म्हणजे अपडेट जिथून उतरतात त्या ऑनलाइन साठ्यातून, तो परत आला खरा, पण जे काम आधी मिनिटभरात उरकायचं त्याला वीस-वीस मिनिटं लागायला लागली. पंखा घरघरतोय आणि टक्केवारी जागची हलत नाही.

हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. तिथे कुणी उत्तर द्यायच्या आत खासगीत मेसेज हजर. "सर, तुमचं लायसन्स जुन्या व्हर्जनचं आहे. नव्यात ते लिमिटेड मोडमध्ये जातं, म्हणून स्लो चालतंय. अपग्रेड करून घ्यावं लागेल." सोबत मृगातल्या तेजोमेघाचा 'आधी आणि नंतर' फोटो. स्वतःला भारतातला अधिकृत विक्रेता म्हणवत होता. माणूस अडाणी नव्हता. डीकन्व्होल्यूशन, पीएसएफ अशी या क्षेत्रातली परिभाषा सगळी तोंडपाठ. दर साडेसहा हजार, प्लगइनसकट.

हा आकडा फार विचार करून काढलेला आहे. मूळ सॉफ्टवेअर तीनशे युरोच्या घरात, एकटं ब्लरएक्स शंभर डॉलरच्या आसपास. त्यापुढे साडेसहा हजार 'अपग्रेड' म्हणून सहज पटतात. पाचशे मागितले असते तर उलट संशय आला असता.

पैसे यूपीआयने गेले. क्यूआर कोडवर नाव कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. मग त्याने स्क्रीनचा ताबा घेणारं अॅप टाकायला लावलं, प्रोग्रॅमचं बिन फोल्डर उघडलं, एक फाइल बदलली, बंद-चालू केलं. ब्लरएक्स पुन्हा सुसाट. "झालं सर, लायसन्स अपग्रेड झालं."

लायसन्सला त्याने हातही लावला नव्हता. ब्लरएक्स ज्या टेन्सरफ्लो नावाच्या एआय लायब्ररीवर चालतं, ती पिक्सइनसाइट सोबत देतं, पण ती संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालते. वेग हवा असेल तर ती फाइल काढून तिथे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड वापरणारी फाइल ठेवावी लागते. माझ्याकडे हे पूर्वी एका मित्राने करून दिलं होतं. नवी आवृत्ती टाकताना इन्स्टॉलरने ती फाइल पुसून स्वतःची ठेवली, एवढीच काय ती भानगड. जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेले प्लगइन नव्यात चालत नाहीत हेही खरं, पण नव्याने तयार केलेले मॉड्यूल त्याच रिपॉझिटरीतून मिळतात. १.८ वरून १.९ वर जायला लायसन्सधारकाला एक पैसा लागत नाही. 'लिमिटेड मोड' ही निव्वळ थाप.

पैशांवर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्याच बैठकीत त्याने 'व्हेरिफिकेशन'साठी प्लगइनची लायसन्स की उघडायला लावली. शिवाय अपडेट्सच्या यादीत स्वतःची एक रिपॉझिटरी घुसवली. डिजिटल सही नसलेली रिपॉझिटरी असेल तर पिक्सइनसाइट इशारा देतं. तो इशारा पडद्यावर आला होता. मी वाचेपर्यंत त्याच्या माउसने 'यस' दाबलंही होतं. हे साधं प्रकरण नाही. अपडेट बसवताना प्रोग्रॅम अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागतो, म्हणजे त्या पत्त्यावर उद्या तो जे काही ठेवेल ते आपल्या संमतीनेच आपल्या मशीनमध्ये शिरणार.

मित्राने मशीन पाहिलं तेव्हा हे सगळं उघडकीला आलं. रिसोर्सेस, अपडेट्स, मॅनेज रिपॉझिटरीज इथे ती यादी असते. ज्यांनी कुणाच्या हातात स्क्रीन दिली असेल त्यांनी ती आजच बघावी आणि अनोळखी पत्ता दिसला तर काढून टाकावा. मी विंडोज नव्याने टाकलं, पासवर्ड बदलले, की उघड झाल्याचं प्लगइनच्या निर्मात्याला कळवलं. १९३० वर फोन करून सायबर पोर्टलवर तक्रारही केली. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाही. ते खातं तोवर रिकामं झालं होतं.

नव्या लोकांना हाच माणूस 'डेमो की' विकतो असं नंतर कळलं. पिक्सइनसाइटची ४५ दिवसांची आणि या प्लगइनची ३० दिवसांची ट्रायल त्यांच्या त्यांच्या साइटवर फुकट मिळते. त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही.

ग्रुपच्या अॅडमिनने त्याला काढलं. परवा तो दुसऱ्या एका ग्रुपवर दिसला, नंबर वेगळा, मृगाचा फोटो तोच. आता दीड हजारात 'सिरिल प्रो' विकतोय. सिरिल हेही आकाशाच्या फोटोंचंच सॉफ्टवेअर, पण ते मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, आणि त्याची प्रो आवृत्ती मुळात नाहीच.