वीस वर्षांची एलएस ४३० की वीस वर्षांची एस-क्लास?

जुनी मोठी सेडान घ्यायची ठरवून महिनाभर जाहिराती चाळल्या की यादीत बहुधा दोनच नावं उरतात. एक, २००१ ते २००६ ची लेक्सस एलएस ४३०. दुसरी, १९९८ ते २००५ ची मर्सिडीज एस-क्लास, म्हणजे डब्ल्यू २२०. तिसरं नाव कोणीतरी मध्येच घुसवतं ते बीएमडब्ल्यूच्या ई६५ मधल्या ७४५ आयचं. तिचं आधी उरकून घेऊ.

चालवायला तिघींत तीच सर्वांत मजेदार, यात वाद नाही. पण तिच्या एन६२ इंजिनात व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी) वयानं कडक होतात. गाडी पंधरा-वीस मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग एक्सलरेटर दाबा. मागून निळा ढग निघाला तर समजा सिलिंडरमध्ये तेल उतरतंय. त्यात भर म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेतून कूलंटची एक आडवी पाइप जाते. तिचं सील आक्रसलं की इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या एका छोट्या भोकातून कूलंट टपकू लागतं. मूळ पद्धतीनं ती बदलायची तर इंजिनाचा पुढचा भाग उघडावा लागतो. म्हणून जुनी पाइप कापून काढायची आणि सरकवून लांब करता येणारी नवी बसवायची, असा तोडगा निघाला. तोडगा चांगला आहे, पण अशा तोडग्याचा वेगळा बाजार उभा राहावा हेच पुरेसं बोलकं आहे. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचं गॅस्केट तेल सोडतं तेही थेट अल्टरनेटरवर. ज्याला स्वतः पाना हातात घेऊन शनिवार-रविवार घालवायचे आहेत त्यानं ती जरूर घ्यावी.

आता खऱ्या दोघी.

इंजिनावरून निर्णय घ्यायला जाल तर फसाल, कारण दोन्ही इंजिनं उत्तम आहेत. एस-क्लासच्या एस ५०० मधलं एम११३ हे मर्सिडीजच्या सर्वांत टिकाऊ व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांपैकी एक आहे. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवायला त्याला टायमिंग बेल्ट नाही, दुहेरी चेन आहे, आणि तेल वेळेवर बदललं असेल तर ती चेन सहसा त्रास देत नाही. तेल साधारण ८ लिटर लागतं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण १६. मागच्या मालकानं ‘प्लग बदलले’ असं सांगितलं तर बिलावर किती लिहिलेत तेवढं बघा. आठ लिहिले असतील तर काम अर्धंच झालंय. गळती असतेच, पण ती व्हॉल्व्ह कव्हरवरच्या ब्रीदरच्या झाकणांपाशी: झाकणं काढायची, पृष्ठभाग स्वच्छ पुसायचा, सीलंट लावून परत बसवायची. गरम झाल्यावर इंजिन बंद पडतं आणि अर्ध्या तासानं काहीच झालं नाही असं सुरू होतं, ही तक्रार आली तर आधी क्रँक पोझिशन सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, कुठे फिरतोय ते सांगणारा) बदला. एका बोल्टवर असतो, स्वस्त असतो. पुढची क्रँक पुली मात्र वाकून नीट पाहा. तिच्या आत रबराचा थर असतो. इंजिन चालू असताना ती लचकताना दिसली तर तिला निवृत्त करायची वेळ झाली आहे.

एलएसचं ३यूझेड-एफई याहून शांत. आठच प्लग, तेल पाच लिटरच्या आसपास. त्याची एक मोठी अट म्हणजे टायमिंग बेल्ट. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन गेलंच. ठरलेला टप्पा ९०,००० मैलांचा, म्हणजे सुमारे १,४५,००० किमी. पण वीस वर्षांच्या गाडीत किलोमीटरपेक्षा बेल्टचं वय जास्त बोलतं. गाडी ७०,००० किमीच चालली आहे आणि बेल्ट कारखान्यातलाच आहे, हा ‘कमी चाललेली’ गाडी घेणाऱ्याचा नेहमीचा सापळा. बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल तर बदलला नाही असंच धरून चाला. बदलताना नुसता बेल्ट टाकू नका. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो. तो, दोन्ही आयडलर पुली, बेल्ट ताणून धरणारा हायड्रॉलिक टेन्शनर, आणि पाझरत असतील तर कॅम व क्रँकची सील, सगळं एकाच उघडणीत. टेन्शनरचा दांडा व्हाइसमध्ये अगदी सावकाश दाबायचा आणि पिन घालायची. घाईनं दाबला तर आतलं सील जातं. त्याचे दोन्ही बोल्ट आलटून पालटून घट्ट करत आणायचे, म्हणजे तो तिरका बसत नाही. शेवटी पिन काढायची आणि मग क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात का ते पाहायचं.

हे काम मोठं आहे, खर्चिकही. चेनवाल्या मर्सिडीजला ते नाहीच, ही तिच्या बाजूची खरी जमेची गोष्ट आणि ती मान्य केलीच पाहिजे.

गिअरबॉक्समध्येही फार फरक पडत नाही. एस-क्लासमधला पाच गिअरचा ७२२.६ कणखर आहे, दोनच गोष्टी सांभाळायच्या. त्याला ‘आयुष्यभराचं तेल’ म्हणून विकलं गेलं, ते विसरा. ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर बदला. पातळी ८० अंशांना, खास काडी घालून मोजतात, कारण नळीला मूळची काडीच नसते. दुसरं म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला वायरिंगचा १३ पिनांचा कनेक्टर असतो. त्याच्या ओ-रिंग कडक झाल्या की तेल बाहेर टपकतंच, शिवाय वायरच्या आतून केशाकर्षणानं वर चढत कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं. कनेक्टरची बुशिंग अगदी किरकोळ वस्तू आहे, तेल बदलताना तीही बदलून टाका. २००३ च्या शेवटी आलेला सात गिअरचा बॉक्स चालवायला गोड, पण त्याचं नियंत्रण गिअरबॉक्सच्या आत तेलातच बसवलेलं असल्यामुळे बिघाड झाला की दुरुस्ती महाग. शक्य तर पाच गिअरचीच घ्या. लेक्ससमध्ये २००३ पर्यंत पाच, २००४ पासून सहा गिअर. पहिल्याला टी-फोर तेल, दुसऱ्याला डब्ल्यूएस. एकाचं दुसऱ्यात ओतायचं नाही. बाकी सांगण्यासारखं काही नाही, आणि गिअरबॉक्सबद्दल सांगण्यासारखं काही नसणं ही त्याची स्तुतीच.

मग फरक पडतो कुठे? गाडी कशावर उभी आहे, तिथे.

डब्ल्यू २२० हवेवर उभी असते. एअरमॅटिक, म्हणजे मर्सिडीजची हवेच्या पिशव्यांवरची सस्पेंशन यंत्रणा, तिला मूळचीच आहे, तो पर्याय नव्हता. नवी असताना हे सस्पेंशन अप्रतिम, आणि नीट असेल तर आजही एलएसपेक्षा वळणावर जास्त ताठ उभं राहतं. पण त्याची रचना अशी की एक भाग थकला की शेजाऱ्याला घेऊन बसतो. पुढच्या स्ट्रटमधली (चाकावरच्या उभ्या आधारदांड्यातली) रबरी पिशवी दर खड्ड्याला एकाच घडीवर दुमडते. त्या घडीत धूळ बसते, उष्णतेनं रबर सुकतं आणि बारीक चिरा पडतात. सुरुवातीला गळती इतकी कमी की रात्रीतून गाडी पेरभर बसते आणि सकाळी इंजिन सुरू केल्यावर उठते. मालक म्हणतो, चालतंय. पण ती उठते ते कंप्रेसरच्या जिवावर. जो पंप मधूनमधून काही सेकंद चालायचा, तो आता दर वेळी मिनिटभर घरघरतो. त्याच्या पिस्टनची रिंग झिजते, दाब कमी होतो, म्हणून तो आणखी वेळ चालतो. सोबत हवा सुकवणारे दाणे ओलावा शोषून गच्च होतात आणि ओल पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे चारही कोपऱ्यांना हवा वाटणाऱ्या ठोकळ्यात, उतरते. तिथे छोट्या झडपा चिकटतात, गळू लागतात. सतत चालू-बंद होऊन पंपाला वीज देणाऱ्या रिलेचे पॉइंट जळतात, आणि कधी चिकटून बसतात. रिले चिकटली की पंप बंदच होत नाही, जळेपर्यंत चालतो. एका पिशवीच्या चिरेतून चार भाग गेले. आणि गॅरेजमध्ये बहुतेक वेळा बदलला जातो फक्त शेवटचा, म्हणजे कंप्रेसर. नवा कंप्रेसर जुन्या गळतीवर बसवला की तोही त्याच वाटेनं जातो.

निदान अवघड नाही, संयमाचं आहे. सपाट जागेवर गाडी लावा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत टेपनं मोजून कागदावर लिहा. बारा तासांनी दार न उघडता पुन्हा मोजा. दार उघडलं की यंत्रणा जागी होते आणि आकडे बिघडतात. एकच कोपरा बसला असेल तर तो स्ट्रट किंवा त्याच्या डोक्यावरचा नळीचा जोड. पुढचे दोन्ही किंवा चारही सारखे बसले तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर. मग भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी ब्रशनं स्ट्रटच्या वरच्या जोडावर आणि पिशवीच्या घडीवर लावा. गाडी उंच केलेली असावी, कारण काही चिरा घडी उघडल्यावरच फुगे सोडतात, आणि काही उलट फक्त मिटल्यावर. स्ट्रट बदलायचे तर पुढचे दोन्ही, सोबत रिले न चुकता, आणि कंप्रेसरनं दाब धरायला वेळ घेतला तर तोही. बसलेली गाडी जॅक न लावता सुरू करून पळवू नका. रिकामी पिशवी चुकीच्या घडीवर चिमटते आणि नवा स्ट्रटही वाया जातो.

माझ्यापुरता प्रश्न इथेच सुटला. गाडी नादुरुस्त होते याची तक्रार नाही, वीस वर्षांची कुठलीही होणारच. पण रोज सकाळी गाडीकडे जाताना आधी मडगार्ड आणि टायरमधल्या फटीकडे नजर जाणं, हे मला नको होतं. कदाचित हा स्वभावाचा भाग असेल. ज्याला तसं बघायची सवय लागते त्याला ते खुपतही नसेल.

कॉइल स्प्रिंगचे संच बसवून हवा काढून टाकता येते. मात्र मग डॅशबोर्डवरचा इशारा गप्प करायला वेगळं मॉड्यूल किंवा कोडिंग लागतं, आणि एस-क्लासची जी चाल म्हणून ती घेतली तीच जाते.

कॉइलवरच्या एलएसला काहीच होत नाही असं नाही. पुढच्या खालच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट सैल होतात. ब्रेक लावताना स्टिअरिंगमध्ये हलकी थरथर आणि छोट्या खड्ड्यावर ‘टक’ असा आवाज ही त्याची खूण. सेंट्रल लॉकच्या छोट्या मोटारी थकतात, एकेक दार ऐकेनासं होतं. सर्वांत चिडवणारी गोष्ट म्हणजे स्टार्टर मोटार. ती दोन रांगांच्या मधे, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवली आहे. नुसता ‘कट्’ आवाज येऊन इंजिन फिरत नसेल तर बहुतेक वेळा सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतात. भाग चिमूटभर, पण तिथवर पोहोचायला मॅनिफोल्ड उतरवावाच लागतो. उतरवलाच आहे तर खालचे नॉक सेन्सर (इंजिनातली ठोठावणी ओळखणारे), त्यांची वायर आणि कूलंटचे आखूड होज तपासून घ्या, गॅस्केट नवी टाका. त्या उबदार खाचेत उंदीर घर करतात आणि वायर कुरतडतात, त्यामुळे नॉक सेन्सरचा कोड आला की सेन्सर मागवण्यापूर्वी वायर बघा.

या प्रत्येक कामाला सुरुवात आहे आणि शेवट आहे. स्टार्टर गेला म्हणून बॉल जॉइंट जात नाही. एस-क्लासमध्ये हीच खात्री देता येत नाही, आणि ते फक्त हवेपुरतं नाही. तिची ध्वनियंत्रणा, फोन आणि सीडी चेंजर एका प्रकाशतंतूच्या कड्यात ओवलेले आहेत. त्यातलं एक यंत्र मेलं की कडं तुटतं आणि सगळंच मुकं होतं. मेलेलं यंत्र सापडेपर्यंत एकेक वगळून प्लास्टिकचा लूप लावत बसायचं. सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचं हँडल यांभोवती गंजही बघावा लागतो. एलएसचे पत्रे इथे सहसा निवांत असतात.

तरीही एस ५०० कोणी घ्यावी? जिच्या पुढच्या दोन्ही स्ट्रट आणि कंप्रेसरची बिलं एकाच तारखेची आहेत, गिअरबॉक्सचं तेल बदललेलं आहे, आणि जी आदल्या रात्रीपासून उभी असतानाही चारही कोपऱ्यांत सारखी दिसते, अशी मिळाली तर जरूर. आसनं, मागची जागा, वेगात रस्ता धरण्याची पकड यांत ती एलएसच्या पुढेच आहे. एलएसचं स्टिअरिंग तर हातात काहीच सांगत नाही. निदानाचं स्वतःचं यंत्र मात्र घ्या; साधा कोड वाचक एअरमॅटिकपर्यंत पोहोचत नाही.

एलएसकडे वळलात तर एक खबरदारी. वरच्या पॅकेजच्या काही एलएस ४३० सुद्धा हवेवरच्या आहेत, आणि जाहिरातीत ते ‘टॉप मॉडेल’ म्हणून मिरवलं जातं. त्यांचे भाग स्वस्त नाहीत. गाडी बघायला जाताना टॉर्च न्या, पुढचं चाक पूर्ण वळवायला सांगा आणि कमानीत वाकून बघा. स्प्रिंगची वेटोळी दिसली तर पुढचं बोलणं करा. काळी रबरी पिशवी दिसली तर सरळ पुढची जाहिरात उघडा.