साधं सत इसबगोल: पोटासाठी पूर्ण गुण, ‘हार्मोन बॅलन्स’साठी अर्धेच

औषधाच्या दुकानात इसबगोल हल्ली दोन रूपांत दिसतं. एक जुना, साधा 100 ग्रॅमचा डबा. दुसरी देखणी बरणी: त्यात तेच इसबगोल, जोडीला चिमूटभर शतावरी, एखादं प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवाणू) आणि वर ठळक अक्षरांत ‘गट अँड हार्मोन बॅलन्स’. दोन्हींचा ग्रॅममागे भाव काढून पाहा. बरणीतलं खरं काम बहुतेक वेळा इसबगोलच करत असतं, म्हणून इथे परीक्षण साध्या डब्याचं.

आधी माल कसा ओळखायचा ते. इसबगोल म्हणजे बियांवरची साल. पीक मुख्यतः गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातलं. उंझा-सिद्धपूर पट्टा त्याच्या व्यापारासाठी ओळखला जातो. व्यापारात साल शुद्धतेनुसार विकली जाते: 85, 95, 98, 99 टक्के. चांगली साल फिकट, पातळ पापुद्र्यांची असते. लालसर-तपकिरी कण बरेच दिसले, तर बियांचा चुरा राहिला आहे असं समजा. दुसरी खूण फुगण्याची. 1 ग्रॅम साल फुगून किमान 40 मिलिलीटर जागा घेते. चहाचा एक सपाट चमचा साल अर्ध्या ग्लास पाण्यात तासभर ठेवली आणि खाली नुसता गाळ बसला, तर डबा जुना तरी आहे किंवा माल हलका. पावडरपेक्षा पापुद्र्याची साल बरी. पावडरीच्या लगेच गुठळ्या होतात आणि तिची धूळ नाकात गेली तर काहींना ॲलर्जी होते.

संत्र्याच्या चवीची पाकिटं घेण्याआधी मागची बाजू वाचा. काहींत इसबगोलपेक्षा साखरच जास्त भरते, आणि इन्सुलिनची काळजी असणाऱ्यांना ती नेमकी नको असते. घटकांत सोनामुखी असेल तर ते वेगळंच औषध झालं. सोनामुखी आतड्याला ढकलून काम करून घेते, इसबगोल फक्त पाणी धरून मळ मऊ ठेवतं. दोन्हींना एकाच नावाखाली ‘पोट साफ’ म्हणणं हा दुकानदारांचा आळस.

सुरुवात चहाच्या एका चमच्याने करा, आठवडाभराने पोहे खायच्या चमच्यावर (सुमारे 5 ग्रॅम) या. पूर्ण ग्लासभर, म्हणजे 250 मिलिलीटर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास पाणी. ठेवून दिलंत तर त्याची खळ होते. कोरडं तोंडात टाकून वर घोट घेणं धोक्याचं. साल घशातच फुगून अडकू शकते. पिऊन लगेच आडवं होऊ नका. परिणाम दिसायला 12 ते 72 तास लागतात, तेव्हा पहिल्याच सकाळी निकाल लावू नये. पोट उलट घट्ट झालं, तर बहुधा पाणी कमी पडलेलं असतं.

आता हार्मोन. ‘चोथा जादा इस्ट्रोजेन मळावाटे बाहेर नेतो’ या दाव्यामागचं शास्त्र खोटं नाही. यकृत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला एक रासायनिक शेपूट जोडून पित्तावाटे आतड्यात सोडतं. आतड्यातल्या काही जिवाणूंचं बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे विकर (एन्झाइम) ती शेपूट तोडतं आणि सुटं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात जातं. या कामात भाग घेणाऱ्या जिवाणूंना 2011 साली ‘इस्ट्रोबोलोम’ हे नावही मिळालं. शाकाहारी स्त्रियांच्या मळावाटे जास्त इस्ट्रोजेन बाहेर पडतं, हे 1982 मध्येच नोंदलं गेलं होतं. पण त्या स्त्रिया रोज भरपूर चोथ्याचं जेवण जेवत होत्या, चमचाभर साल पीत नव्हत्या. शिवाय इसबगोल जिवाणूंना फारसं पचत नाही. म्हणूनच इतर चोथ्यांपेक्षा त्याने गॅस कमी धरतो, आणि म्हणूनच ‘चांगल्या जिवाणूंचं खाद्य’ ही जाहिरात लंगडी पडते. ते खाद्य हवं असेल तर मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, कांदा-लसूण, गवार.

इन्सुलिनच्या बाबतीत मात्र इसबगोलला खरे गुण द्यावे लागतात. त्याचा दाट गर जेवणातली साखर रक्तात सावकाश सोडतो. पीसीओएसमध्ये (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा विकार) वाढलेलं इन्सुलिन अंडाशयातून पुरुषी हार्मोन वाढवतं, त्यामुळे इन्सुलिन उतरलं तर आडवाटेने त्याचा फायदा होऊ शकतो. पण त्यासाठी इसबगोल जेवणाच्या अगदी आधी घ्यावं लागतं. रात्री घेतलेला ग्लास पोटासाठी ठीक. दुपारच्या भातावर त्याचा अंमल चालत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, साखर खाली जाऊ शकते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो थायरॉइडच्या गोळीशी. थायरॉइड कमी असला की आतडं मंदावतं, बद्धकोष्ठ होतं, आणि इसबगोल घरात येतं. सकाळी उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेतलं आणि पाठोपाठ इसबगोल प्यायलं, तर इसबगोलचे तंतू गोळीचा काही भाग धरून ठेवू शकतात. मग टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन) वर जातं, डोस वाढवला जातो. पुढे इसबगोल बंद केलं की तोच डोस जास्त होतो. बरणीवर याचा उल्लेख क्वचितच सापडतो. उपाय सोपा आहे: गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर, नाश्ता निदान अर्ध्या तासाने, इसबगोल चार तासांनंतर किंवा सरळ रात्री. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही तेच चार तास. रोज इसबगोल सुरू केलंत किंवा सोडलंत, तर डॉक्टरांना सांगून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या.

गिळायला त्रास, आतडं अरुंद झाल्याचं निदान, मळात रक्त किंवा शौचाच्या सवयीत अचानक बदल असेल, तर डबा न उघडता आधी तपासणी. बाकीच्यांनी साधा डबा घ्यावा, घट्ट झाकणाचा, आणि ओला चमचा आत घालू नये.