एका जागचा कॅमेरा की सरासरी वेगाचा?

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला सपाटीवर ताशी 100 ची मर्यादा, घाटात 60 ची. ती मोडणाऱ्याला पकडण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

एका जागचा कॅमेरा त्या क्षणाचा वेग टिपतो. त्यावरचा उपाय आपल्याकडे प्रत्येकाला पाठ! मॅप बोलला की ब्रेक, खांब मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर. मागच्याची मात्र पाचावर धारण बसते. शिवाय घाट उतरताना काटा क्षणभर 65 वर गेला तरी चलन येऊ शकतं, ही कुरकुर मला अगदीच खोटी वाटत नाही.

सरासरीचा हिशोब वेगळा. दोन कमानींवर नंबरप्लेट वाचली जाते आणि मधला वेळ मोजतात. 10 किलोमीटरला 100 च्या वेगाने 6 मिनिटं लागतात. तुम्ही 5 मिनिटांत पोचलात म्हणजे सरासरी 120. इथे ऐनवेळचा ब्रेक कामाचा नाही. ‘मग मध्ये वडापाव खायला थांबायचं,’ असं आमचा एक मित्र म्हणतो. थांबू दे की, तेवढाच चहाही होईल.

‘नुसती वसुली’ हा आरोप दोन्हींवर होतो. पण मला निवडायला सांगितलं, तर सरासरीवालाच.