स्टेडलर लुमोग्राफ ब्लॅक पेन्सिली: अंधारासाठी मस्त, गालासाठी नको

आजीचा एक जुना फोटो आहे, माजघराच्या दारात उभी आहे आणि मागे आत मिट्ट काळोख. त्याचं चित्र काढायला घेतलं आणि तीन आठवडे त्या काळोखानेच डोकं खाल्लं. साधी ग्राफाइटची 8B पेन्सिल (B चा आकडा जेवढा मोठा तेवढी मऊ आणि काळी) घासघास घासली तरी राखाडीच, वर ट्यूबलाइटखाली धरलं की चकाकतंय, मोबाईलने फोटो काढला तर दाराच्या जागी स्टीलचं ताट उभं केल्यासारखं. यात पेन्सिलीचा दोष नाही म्हणा, ग्राफाइटचे कण चपटे असतात, दाबलं की कागदावर आडवे बसतात आणि उजेड परत फेकतात, म्हणजे जेवढं दाबाल तेवढी चमक जास्त. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या मी शाळेत, पण तेव्हा 6B म्हणजे काळ्याचा शेवट एवढंच माहिती.

मग ही लुमोग्राफ ब्लॅक घेतली. नेहमीच्या निळ्या लुमोग्राफसारखीच, फक्त बाहेरूनही काळी आणि शिशात कार्बन भरपूर. कागदावर थोडी खरखरीत जाते, कोळशाच्या जवळची, पण कोळशासारखं हात-कपडे-टेबल सगळं काळं करत नाही. आठवडेच्या आठवडे अडलेलं दार एका संध्याकाळी झालं, एकदम मॅट, कुठूनही बघा चमक नाही. पैसे तिथेच वसूल.

पण डोळ्यांत फजिती झाली. बुबुळं आधीच ग्राफाइटने गुळगुळीत करून ठेवलेली, त्यावर ही बसेचना, मेणावर लिहिल्यासारखी घसरत होती. शेवटी निडेड इरेझरचं (कणकेसारखा मळता येणारा मऊ खोडरबर) बारीक टोक करून टिपून टिपून ग्राफाइट उचललं आणि परत पहिल्यापासून. तेव्हा जिथे खरंच काळं हवंय तिथे आधी कार्बन, मग आजूबाजूला ग्राफाइट. आणि हात जपून, ही पूर्ण खोडली जात नाही, डाग राहतो. गालाच्या सावलीत पण एकदा लावून बघितली, शेजारी चमकणारं ग्राफाइट आणि मध्ये हा कोरडा काळा, आजीला काजळ फासल्यासारखं झालं. त्वचेला आपलं HB, 2B, 4B, हलक्या हाताने, थरावर थर. बोटाने अजिबात घासू नका, बोटाचं तेल कागदाला लागतं आणि डाग पडतात, टिश्यू पेपर घ्या.

कागदाचं पण सांगते. शाळेतल्या ड्रॉइंग शीटवर गालाला आपोआप दाणे येत होते, ते मी माझ्याच हाताचा दोष समजत होते. ब्रिस्टल पेपरवर (जाड, गुळगुळीत कागद, माझा 250 जीएसएमचा आहे) त्याच हाताने, त्याच पेन्सिलीने गाल गुळगुळीत आला. फक्त फार गुळगुळीत कागदावर थर जास्त बसत नाहीत, लवकर भरतो.

आणि एक फुकटातली गोष्ट, जिचा या सगळ्या खरेदीपेक्षा जास्त फायदा झाला. पांढऱ्या कार्डपेपरच्या तुकड्याला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडा, फोटो ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करून चित्राला अगदी खेटून ठेवा, एक भोक फोटोवर आणि एक चित्रावर. आजूबाजूचं झाकलं गेलं की नाक-डोळा काही कळत नाही, नुसती छटा दिसते. आजीच्या डोळ्यातला पांढरा भाग मी कोराच सोडला होता, भोकातून बघितलं तर तो फोटोत कपाळाच्या उजेडापेक्षा बराच गडद! 2H ने (कडक, फिकट उठणारी पेन्सिल) हलकी छटा दिली आणि डोळा खोबणीत जाऊन बसला, तोवर चिकटवल्यासारखा दिसत होता.

टोक कटरने काढा, शार्पनरमध्ये माझं शिसं दोनदा तुटलं. सहाचा सेट घ्यायची गरज नाही, सुट्या मिळाल्या तर 4B आणि 8B बस झाल्या. माझ्या सेटमधल्या HB ला अजून कंपनीचंच टोक आहे.